मागच्या सीटवरचा वारा

येशा, आज सकाळी तुझ्या जागेवर मी कांद्याचं पोतं बांधलं.

रागावू नकोस. पोतं निवडून घेतलं. मोशीच्या मार्केटात गेलो आणि गाळ्यावाल्याला म्हणालो, "यशवंताच्या वजनाचा कांदा द्या." तो म्हणाला, "यशवंत कोण?" मी म्हणालो, "माझा जोडीदार. अंगानं बेताचा, हट्टानं जड." त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पोतं काट्यावर चढवलं. दवाखान्यातल्या काट्यानं दिलेलं तुझं वजन मला पाठ आहे, कारण शालनवहिनी ते येईल त्याला सांगायच्या. पोतं तुझ्यापेक्षा जरासं हलकं भरलं, म्हणून वर लसणाची पिशवी ठेवून भरती केली. उद्या वर भेटलो की तू म्हणणार, मारुत्या, मापात मारलंस. ते ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती.

हमालानं जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी पोतं मागच्या सीटला करकचून आवळलं, दोन पावलं मागं सरकून बघितलं आणि म्हणाला, "मामा, पाव्हण्याला हेल्मेट तरी घाला."

तू असतास तर त्याला तिथंच उत्तर दिलं असतंस. मला सुचलं नाही. मला, येशा. ज्यानं अख्ख्या कँटीनला पटवलं होतं की पावर प्रेसच्या धक्क्यानं माझी दाढी आपोआप गळते, म्हणून मी जन्मात ब्लेड विकत घेतलेलं नाही. त्या माझी जीभ गेले काही दिवस टाळ्याला चिकटली आहे, आणि त्याला कारण तुझी बायको आहे.

तुला पोचवून चारपाच दिवस झाले असतील. दुपारची वेळ, घरातली गर्दी पांगलेली. दापोडीच्या तुझ्या त्या गल्लीत रेल्वे गेली की भांडी वाजतात, तेवढाच आवाज. वहिनींनी स्वतः चहा आणून दिला, समोर बसल्या आणि म्हणाल्या, "मारुतीभाऊ, एक विचारते. खरं सांगाल?"

मला 'खरं सांगाल का' विचारणं म्हणजे म्हशीला 'चिखलात जाणार नाहीस ना' असं विचारणं. पण त्या हसल्या नाहीत.

"त्या चढाला ते पायडल मारत होते का?"

मी चहाचा असा घोट घेतला की जिभेची साल निघाली.

"घाई न्हाई," त्या म्हणाल्या. "पुण्यानुमोदनाच्या आधी सांगा. त्या दिवशी मला त्यांच्या फोटोसमोर बसायचंय. तेव्हा मनात हा प्रश्न नको."

एवढं बोलून त्या आत गेल्या. मी बाहेर आलो आणि आपल्या सायकलीपाशी उभा राहिलो. पुढं माझं सीट, मागं तुझं. तुझ्या सीटवर मांजर झोपलं होतं. त्याला विचारून बघितलं. त्यालाही ठाऊक नव्हतं.

हो म्हणालो तर त्याचा अर्थ काय, तो तूच बघ. वहिनींनी घातलेली शपथ तू मोडलीस, डॉक्टरानं नको म्हटलेला जोर तू लावलास, आणि तुझं छातीत स्प्रिंग बसवलेलं काळीज मी स्वतः पुढं बसून त्या चढावर नेलं. नाही म्हणालो तर तू सज्जनासारखा बसून होतास, आणि जे झालं ते व्हायचंच होतं. जगातला कुठलाही शहाणा माणूस 'नाही' म्हणून मोकळा झाला असता. आणि खोटं बोलायचा तर मला पिढीजात परवाना. पण भानगड अशी की मला खरं काय तेच माहीत नव्हतं. खरं माहीत असल्याशिवाय नीट खोटंसुद्धा बोलता येत नाही, हे मला या वयात कळलं.

तुझा चेहरा दिसला असता तर मला कळलं असतं. सगळा घोळ तिथंच आहे.

प्रेसवर आपण उभी उमर समोरासमोर काढली. तू पुढून पत्रा आत सारायचास, मी मागून गाडीचं तयार दार बाहेर काढायचो. मधे तो राक्षस. दोन हिरवी बटणं तुझ्याकडं, दोन माझ्याकडं. चारही तळवे चारही बटणांवर पडले की मगच वरचा डाय, तो लोखंडी साचा, खाली यायचा. एकानं जरी हात उचलला तरी राक्षस जागच्या जागी गप. आवाज इतका की कानात बोळे, बोलायची सोय नाही. सगळं काम डोळ्यांवर. तू हनुवटी हलवलीस की मी दाबणार, मी हलवली की तू. डायच्या फटीतून तुझे डोळे बघून मला कळायचं की आज घरी भांडण झालंय, आज डबा चांगला आहे, आज ताप आहे तरी आलायस. तुझ्या तोंडावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो, डोळ्यांनी तू मला कधी फसवू शकला नाहीस.

आणि एक शब्द. एकच. "हात!" कोणाला काही वेडंवाकडं दिसलं की तो ओरडायचा, "हात!" आणि दोघांचे चारही हात क्षणात आभाळात. त्या शब्दानं आपली वीसच्या वीस बोटं निवृत्तीपर्यंत शाबूत ठेवली. कँटीनमध्ये कोणी नुसतं "हात धुतलेस का" विचारलं तरी आपण दोघं ताटासमोर हात वर करून बसायचो, हे मी सांगतो ते लोकांना खोटं वाटतं. तू साक्षीदार होतास. आता हेही खोटंच धरणार.

मग तुझ्या काळजाची नळी तुंबली, म्हणून छातीत ते स्प्रिंग बसलं. डॉक्टर म्हणाला चालायचं, पण दमायचं नाही. सायकल बंद. तू सगळं सोडलंस, तंबाखू सोडलीस, खारं सोडलंस, पण सायकल सुटली तेव्हा तुझा चेहरा असा झाला जसं कोणी घर विकलं. कंपनीची बस पकडायला तू नाशिक फाट्यापर्यंत सायकलनं जायचास, रिटायर झाल्यावरही सकाळी उठून उगाच तिथंवर जाऊन यायचास. ते गेलं. तू दारात खुर्ची टाकून येणाऱ्या जाणाऱ्या सायकलींना शिव्या द्यायला लागलास.

एके दिवशी चहाच्या टपरीवर मी फुशारकी मारली. "येशा, तुला मी सायकलवर बसवणार. तुला बोटाएवढा जोर लागणार नाही."

"कॅरेजवर बसू व्हय? पोरगी हाय का मी?"

"कॅरेज नाही. सीट. पायडल. हँडल. सगळं."

भोसरीच्या वेल्डिंगवाल्या हरिभाऊनं दोन काळ्या घोडा सायकली कापून एक केली. इतकी लांब झाली की तिचं पुढचं चाक भोसरीत असलं की मागचं दापोडीच्या सिग्नलला थांबायचं. मी असं सांगितलं की तू म्हणायचास, "आन् मधल्या नळीवर बाया कपडे वाळत घालतात, ते बी सांग." दोघांचे पायडल एकाच साखळीनं जोडलेले. पुढच्यानं मारलं की मागच्याचे पाय आपोआप फिरणार. मारा न मारा. वहिनींनी त्या गोष्टीवरच परवानगी दिली. दारात उभ्या राहून तुझ्या डोक्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "पाय नुसते ठेवायचे. जोर लावायचा न्हाई. शपथ?"

"शपथ," तू म्हणालास. मी साक्षीदार.

गुरुवारी एमआयडीसी बंद असते, गल्ल्या मोकळ्या. म्हणून आपली शाळा गुरुवारी. पहिल्या दिवशी काय झालं, ते मी आजवर कमी करून सांगत आलोय, कारण खरं सांगितलं तर लोक म्हणतात थाप. मी पुढं बसलो. तू मागं. मी हनुवटी हलवली. सायकल हलेना. पुन्हा हलवली. हलेना. मला वाटलं तू तयार नाहीस. तुला वाटलं मी तयार नाही, कारण तूही मागं हनुवटी हलवत होतास! आयुष्यभराच्या दोन प्रेस ऑपरेटरना हे सुचेना की आता आपण एकमेकांच्या समोर नाही. तू माझ्या पाठीकडं बघून इशारे करतोयस, मी रस्त्याकडं बघून. सकाळी लांब असलेल्या सावल्या आखूड झाल्या. शेवटी समोरच्या गेटचा वॉचमन आला आणि म्हणाला, "काका, फोटोवाला येणार आहे का?"

मग सुटलो. सुटलो ते असे सुटलो की मला हसू आवरेना. आणि त्याच क्षणी एका उभ्या कंटेनरखालून कुत्रं आलं. मला ते दिसलं नव्हतं. तुला दिसलं. तू ओरडलास, "हात!"

माझे दोन्ही हात वर. दोन्ही. ब्रेकही हातातच होते, ते सुटले. हँडल आपल्या मनाचं झालं. आणि मी मागं वळून बघतो तर तुझेही दोन हात वर. पोलिसांना शरण आलेल्या दरोडेखोरांसारखे आपण दोघं चार हात आभाळात धरून कंपनीच्या भिंतीला टाकलेल्या थर्माकोलच्या ढिगात घुसलो. कुत्रं वाचलं. भोसरीत बर्फ पडला. तू डोक्यापासून मिशीपर्यंत पांढरा, छातीवर हात ठेवून बसलेला. मी ओरडलो, "येशा! छाती?" आणि तू डोळे उघडून म्हणालास, "छाती न्हाई रं. खिशातला चष्मा बघतोय."

त्या एका क्षणाची भीती मला पुढं दर गुरुवारी असायची. मी पुढं हसत होतो, थापा मारत होतो, आणि सगळं लक्ष पाठीकडं. मागून आवाज येत नाही म्हणजे काय? जोरात श्वास येतोय म्हणजे काय? तुला ते कळलं असणार, म्हणून तू तोड काढलीस. तोंडानं "हात" म्हणायचं नाही. तळवा माझ्या पाठीवर ठेवायचा. तळवा ठेवला म्हणजे चल, तळवा काढला म्हणजे थांब. "तुझी पाठ हेच आता माझं बटण," तू म्हणालास. आणि खरं सांगतो, त्यानंतर आपण एकदाही पडलो नाही. पाठीवर तुझा तळवा असला की मला कुत्रं, खड्डा, टेम्पो, काही दिसायच्या आधी कळायचं.

चाकणचं खूळ तुझं. जिथं आपण उमर घालवली तिथं, कंपनीच्या गेटपर्यंत, सायकलनं. "बसच्या खिडकीतून तो रस्ता हजारदा बघितला. एकदा पायाखालनं बघू दे." मी नको म्हणालो, हे वहिनींना सांगशील? तीन गुरुवार नको म्हणालो. चौथ्या गुरुवारी तू म्हणालास, "मग ऱ्हाऊ दे. मी खुर्चीत बसतो." त्या खुर्चीपुढं माझं काही चाललं नाही.

मोशीपर्यंत मजेत गेलो. इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि चिंबळीचा चढ समोर आला. बसमधून तो चढ आहे हे आपल्याला कधी कळलंच नव्हतं बघ. बसमध्ये आपण झोपलेले असायचो. सायकलवरून तो असा दिसला जसं कोणी डांबर सुकवायला भिंतीवर टाकलंय. हायवेला गुरुवार नसतो. डावीकडं तुटलेली कड, खडी, पलीकडं चर. उजवीकडं गाड्यांची रांग. मधे वीतभर पांढरी पट्टी, ती आपली.

अर्ध्यावर माझी छाती भात्यासारखी. हँडल डुलायला लागलं. आणि मागून ट्रेलर आला, नव्या कोऱ्या गाड्या भरलेला. त्याचा हॉर्न मला कानात नाही, दातांत ऐकू आला. तो ओलांडून जाईना, समोरून जागा नव्हती. आपल्या मागं मागं चढू लागला. त्याच्या इंजिनाची धग माझ्या कानामागं लागली. थांबलो तर त्या तुटलेल्या कडेवर पाय टेकणार नाही, हे मला दिसत होतं. पडलो तर डावीकडं चरात किंवा उजवीकडं, आणि उजवीकडचा विचार मी केला नाही.

"येशा, उतरू या!"

"न्हाई. दाब."

"नाही रे होत!"

तेव्हा तुझा तळवा आला. पाठीवर, मणक्याच्या जरा वर. नेहमीसारखा टेकवलेला नाही. दाबलेला. आणि सायकल हलकी झाली. अशी हलकी झाली जशी कोणी वरून दोर लावून ओढली. माझ्या पायाखालचं पायडल माझ्या आधी खाली जाऊ लागलं. हँडल सरळ झालं. मी दात आवळून विचारलं, "मारतोयस का रे?"

"छ्या! पाय नुसते ठेवल्यात. वारा मागून हाय."

वर पोचलो. ट्रेलर हॉर्न देत गेला, क्लीनरनं खिडकीतून हात हलवला. मी रसाच्या गुऱ्हाळापाशी सायकल टेकवली आणि पहिल्यांदा मागं वळलो. तू टॉवेलानं तोंड पुसत होतास. पुसतच राहिलास. कपाळ, डोळे, पुन्हा कपाळ. मी तुझे डोळे शोधतोय आणि मधे तो निळ्या काठाचा टॉवेल. टॉवेल खाली आला तेव्हा तू हसत होतास आणि नदीकडं बघत होतास. "थंडगार रस घे," म्हणालास. "मला बिनबर्फाचा."

गेटपर्यंत गेलो. नव्या सिक्युरिटीनं ओळखलं नाही, आत सोडलं नाही. तू गेटाच्या लोखंडावर तळवा ठेवून आलास, एवढंच. परत येताना टेम्पोत सायकल आडवी, आपण उभे. त्या चढाची गोष्ट मी दापोडीत इतकी वाढवून सांगितली की शेवटी शेवटी मागं ट्रेलर नव्हता, आगगाडी होती. वहिनीही ऐकत होत्या. हसत होत्या. मी कशाला बघतो त्या कशाकडं बघतायत ते!

नंतर काही आठवडे तू बरा होतास. शेवटच्या गुरुवारी तू म्हणालास, "पुढल्या येळेला मी पुढं. तुझी पाठ बघून इटलो. लई कुरूप पाठ हाय." ब्रेक पुढं असतात, म्हणून मी म्हणालो, "बघू." तू फुगलास. तो वाद तसाच राहिला आहे. माझ्या वाट्याला तेवढं 'बघू' शिल्लक आहे. सोमवारी दुपारी तू जेवलास, हात धुतलेस आणि टॉवेल घ्यायच्या आधी बसलास. बसलास तो बसलासच.

वहिनींनी डॉक्टरांना विचारलं, त्या चढानं झालं का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. मला विचारलं, मलाही सांगता आलं नाही. म्हणून आज ते पोतं.

पुलापलीकडं उतरलो, पट्टे पुन्हा आवळले. एकट्यानं ती सायकल सुरू करणं म्हणजे झोपलेल्या बैलाला उठवून लग्नाला नेणं. सुटलो. पोतं शहाण्यासारखं बसलं होतं, ना बोलणं ना हनुवटी. आणि मी वाऱ्याचा विचार करतोय तोवर माझ्या कानाजवळून कांद्याचे लाल पापुद्रे उडत पुढं निघाले. पोत्याच्या तोंडातून सुटलेले. माझ्या पुढं, चढावर, गिरक्या घेत. म्हणजे वारा मागून होता, येशा. चांगला भरपूर. माझ्या शर्टाचा फुगा झाला होता.

अर्ध्यावर गेलो नाही तोच पायडल थांबलं. त्याच जागी, जिथं मागून ट्रेलर आला होता. उभा राहून मारलं, सगळं अंग त्यावर टाकलं. हललं नाही. मी कसाबसा डावीकडं उतरलो, सायकल पोटाला धरून उभा राहिलो. गाड्या अंगावरून जातायत. पुन्हा खाली नेली. पुन्हा सुरुवात. पुन्हा तिथंच. पापुद्रे मात्र दोन्ही वेळा वर गेले.

आधी मला आनंद झाला. मोठ्यानं ओरडलो, "अरे लबाडा!" एक टेम्पोवाला दचकला. जन्मभर मी थापा मारल्या, एकही पचली नाही. तू एक मारलीस आणि ती थेट पचवून गेलास. मला तुझा एवढा अभिमान वाटला की पोत्याला थोपटलं. आणि मग त्या थोपटलेल्या हाताकडं बघितलं आणि कळलं की आता दापोडीला जायचंय. उत्तर मिळालं होतं, आणि ते नेमकं ते होतं जे मला नको होतं.

मोशी ते दापोडी मी सतरा थापा तयार केल्या. साखळी घसरली म्हणून पोतं चढलं नाही. कांदा ओला होता. यशवंताचे पाय त्या दिवशी सुजलेले होते, मी स्वतः बघितले. एकापेक्षा एक मजबूत. तुझ्या गल्लीत वळलो तेव्हा उद्याच्या पुण्यानुमोदनासाठी मांडवाचे बांबू उतरवत होते. वहिनी ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्यांनी आधी मला बघितलं, मग तुझ्या सीटवरचं पोतं. सुपातला हात थांबला.

"हे काय, मारुतीभाऊ?"

सतराच्या सतरा थापा तोंडात एकदम आल्या आणि दारात अडकल्या.

"त्याचं वजन," मी म्हणालो. "चढाला नेलं होतं. वारा मागून होता. चढलं नाही." एवढंच नीट बोललो. मग म्हणालो, "तो मारत होता, वहिनी. चांगला जोरात. मला म्हणाला मारत नाही."

त्यांनी तांदळातला एक खडा काढला, बाजूला ठेवला. मी उभाच. मला वाटलं आता सूप माझ्या अंगावर येणार, आणि यावंच.

"तुम्हाला बी न्हाई सांगितलं?" त्या म्हणाल्या.

"नाही."

"खरं?"

"पोत्याची शपथ."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी आले की पोटऱ्या धरून बसायचे. मी तेल लावायचे. दगड झालेल्या असायच्या. नुसते पाय ठेवणाराच्या पोटऱ्या अशा होतात व्हय? त्या चढाच्याच न्हाई, दर गुरुवारी."

दर गुरुवारी! म्हणजे मी ज्याला ओढत होतो असं समजत होतो, तो मला ढकलत होता. पहिल्यापासून.

"मग थांबवलं का नाही तुम्ही?"

"गुरुवारी ते दोनदा भाजी मागून घ्यायचे," त्या म्हणाल्या. "बाकीचे दिवस ताट तसंच."

रेल्वे गेली. भांडी वाजली. मग त्यांनी पदरानं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मला एवढंच कळायचं होतं की तुम्ही दोघं मिळून मला फसवत होता, का ते एकटेच आपल्या दोघांना. तुम्हाला सांगितलं असतं आन् मला न्हाई, तर मी उद्या फोटोसमोर बसले नसते."

"एकट्यानंच," मी म्हणालो. "आपण दोघंही फसलो."

आणि त्या हसल्या, येशा. तू गेल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता काय झालं ते मी सांगत नाही, तू नवरा होतास, तुला माहीत. मग पोत्याकडं बोट करून म्हणाल्या, "आणलंयच तर उतरवून ठेवा. उद्याच्या जेवणाला लागंल. लसूणबी." मी पट्टे सोडले. उद्या गल्लीतल्या बाया तुझ्या वजनाचा कांदा चिरतील. त्यावरचा विनोद तूच करून घे.

रिकामी सायकल घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशी बसलो, दाबलं. हलकी होती. मागं कोणी नाही, पोतंही नाही. गल्ली शांत होती, म्हणून मला आवाज आला, कुर्र, कुर्र. वळून बघितलं. तुझे पायडल. साखळीला बांधलेले, माझ्या पायांबरोबर फिरत होते, रिकामेच. मी मारलं की फिरायचे, थांबलो की थांबायचे. पाठीवर काही नाही.

नुसते फिरणारे पायडल कसे असतात, ते मी आज पहिल्यांदा बघितलं, येशा.